बिअरचं विरजण

समोर दोन ग्लास ठेवलेत असं धरून चालू. एकात जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातली क्योस्ट्रित्सर श्वार्त्सबिअर. काळीभोर, दिव्यासमोर धरली तर कडेला तेवढी तांबूस झाक दिसते. दुसऱ्यात बेल्जियमची दुवेल. पिवळीधमक, वर चांगला तीन-चार बोटं पांढरा फेस. बिअरशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला विचारा, यातली जड कुठली? तो बेधडक काळीकडे बोट दाखवेल. प्रत्यक्षात काळीत अल्कोहोल 4.8 टक्के आणि पिवळीत 8.5. काळी भाजलेल्या धान्याचा हलका कडवटपणा मागे ठेवून सहज घशाखाली उतरते. पिवळी सावकाशच प्यावी लागते, नाहीतर तासाभरात इंगा दाखवते. आणि यातली एल कुठली, लागर कुठली असं विचारलं, तरी उत्तर अपेक्षेच्या उलटंच. काळी आहे ती लागर. पिवळी आहे ती एल.

मी राहते जर्मनीत, कोलोनला. पुण्याहून कुणी आलं की बिअरचा विषय निघतोच, आणि ‘एल म्हणजे गडद, कडू, जड, लागर म्हणजे फिकी, हलकी’ हे ऐकीव ज्ञान प्रत्येकाकडे असतं. हे दोन ग्लास शेजारी ठेवले की ते तिथल्या तिथे संपतं. कारण एल आणि लागर ही चवीची वर्गवारी नाहीच मुळी. रंगाची नाही, कडूपणाची नाही, नशेची तर नाहीच. ती आहे यीस्टची, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाची. धान्याच्या रसातली साखर कुठल्या यीस्टनं खाल्ली आणि किती गारव्यात खाल्ली, एवढंच ती सांगते.

रंग येतो माल्टमधून. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे आणि मग किती भाजायचे ते ठरवायचं. काळ्या बिअरमध्येसुद्धा पुष्कळदा बहुतांश माल्ट फिकाच असतो. त्यात थोडासा काळपट भाजलेला घातला की सगळा घाणा काळा होतो. कडूपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांचा. अल्कोहोल किती, हे उकळलेल्या रसात साखर किती होती आणि यीस्टनं त्यातली किती संपवली यावर अवलंबून. या तिन्ही गोष्टी एलमध्येही वरखाली करता येतात आणि लागरमध्येही. म्हणून फिकी एल असते, काळी लागर असते, चढणारी लागर असते आणि अगदी सौम्य एलही असते. दक्षिण जर्मनीच्या बव्हेरियातली डोपेलबॉक घ्या. सात-साडेसात टक्क्यांची, गडद, माल्टच्या गोडव्यानं भरलेली, आणि गोत्रानं अस्सल लागर.

मग यीस्टमध्ये असा काय फरक असतो?

मी शिकले सूक्ष्मजीवशास्त्र. एका मैत्रिणीच्या ओळखीनं इथल्या एका ब्रूअरीच्या प्रयोगशाळेत जायला मिळालं, तेव्हा मला आधी मायक्रोस्कोपपाशीच जायचं होतं. काचेवर कोरलेल्या बारीक चौकटींवर यीस्टचा थेंब सोडायचा, मिथिलिन ब्लूचा थेंब मिसळायचा आणि मोजायला बसायचं. मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी हा रंग टिकू देत नाहीत, स्वच्छ राहतात. गोल, किंचित लांबट पेशी, काहींच्या कडेला फुटलेला छोटा कोंब. तिथल्या बाईंनी एकापाठोपाठ एक दोन काचा ठेवल्या, एक एलच्या यीस्टची, एक लागरच्या. मी बराच वेळ पाहिलं. नुसत्या डोळ्यांना फरक करता येत नाही. मग त्यांनी जुन्या पाठ्यपुस्तकी चाचणीची आठवण करून दिली. मेलिबायोज नावाची एक साखर असते. लागरचं यीस्ट ती फोडून खातं, एलच्या यीस्टला साधारणपणे ती फोडता येत नाही. म्हणजे रूपावरून नव्हे, तर ते काय पचवू शकतं यावरून त्याची ओळख पटते. मला हे फार पटलं. कुणाचंही खरं वेगळेपण असंच कामातून कळतं.

शास्त्रीय नावं दोन. एलचं यीस्ट सॅक्रोमायसीज सेरेव्हिसी. आपला पाव फुगवणारं यीस्टही याच जातीचं. लागरचं सॅक्रोमायसीज पास्तोरियानस. पहिलं साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसच्या दरम्यान खुशीत काम करतं आणि चार-सहा दिवसांत मुख्य काम उरकतं. दुसरं 8 ते 13 अंशांच्या गारव्यातही थांबत नाही. पहिलं यीस्ट त्या तापमानाला हातपाय गाळून बसेल, हे सावकाश का होईना पण खात राहतं. मग ती बिअर शून्याच्या आसपास नेऊन काही आठवडे ठेवून द्यायची. आंबताना तयार झालेले गंधकाचे वास या काळात निघून जातात आणि बिअर नितळ होते. लोण्यासारखा वास देणारं डायअसेटिल यीस्ट पुन्हा शोषून घेतं. त्यासाठी मुख्य आंबवण संपत आली की बरेच ब्रूअर तापमान दोन दिवस मुद्दाम थोडं वर नेतात.

चवीतला फरक इथून येतो. ऊब असली की यीस्ट साखर खाता खाता एस्टर नावाची सुगंधी द्रव्यं भरपूर बनवतं. जर्मन गव्हाच्या बिअरला, म्हणजे वाइसबिअरला, पिकल्या केळ्याचा वास येतो, तो बाहेरून घातलेला नसतो. पिकलेल्या केळ्यात जे आयसोअमाइल ॲसिटेट असतं तेच तिथं यीस्टनं तयार केलेलं असतं. सोबत लवंगेचा वास येतो, तोही त्याच यीस्टची करणी. लागरचं यीस्ट गारव्यात हे सगळं फारच कमी बनवतं. त्यामुळे लागरमध्ये माल्ट आणि हॉप्स यांचंच बोलणं ऐकू येतं. एलमध्ये यीस्टही त्यात तोंड घालतं.

पुस्तकांत यांना ‘वर आंबणारं’ आणि ‘तळाशी आंबणारं’ असं म्हणतात. कोलोनहून ड्युसेलडॉर्फ जेमतेम चाळीस किलोमीटर, आणि तिथली तांबूस आल्टबिअर ही एलच्या यीस्टची. तिथल्या एका जुन्या ब्रूअरीत मी उघड्या हौदात बिअर आंबताना पाहिली. पांढरा-पिवळसर जाड फेस काठाच्या वर आलेला, मधेमधे हॉप्सच्या राळेचे तपकिरी डाग आणि जवळ वाकलं की नाकात झोंबणारा कार्बन डायऑक्साइड. एलच्या यीस्टच्या पेशी वायूच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि त्यांच्याबरोबर वर येतात. तो थर वरून काढून पुढच्या घाण्याला वापरायचा. लागरचं यीस्ट काम झालं की साका होऊन तळाशी बसतं. पण ही खूणही आता जुनी झाली. आजच्या उंच, खाली निमुळत्या होत गेलेल्या स्टीलच्या टाक्यांत एलचं यीस्टही शेवटी तळाच्या शंकूतच गोळा होतं आणि तिथूनच काढून घेतात. वर-खाली हे नाव उरलं. खरा फरक जातीचा आणि तापमानाचा.

ही दोन यीस्ट वेगळी कशी झाली, हा इतिहास मला सगळ्यांत जास्त ओढून नेतो. त्यात कायदा आहे, हवामान आहे, चोरी आहे, आणि शेवटी एक जंगल आहे.

बव्हेरियात 1516 साली बिअरचा तो प्रसिद्ध शुद्धतेचा कायदा झाला. बिअरमध्ये फक्त सातू, हॉप्स आणि पाणी. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, कारण यीस्ट म्हणून काही वेगळी वस्तू असते हे कुणाला माहीतच नव्हतं. मागच्या घाण्याचा साका पुढच्या घाण्यात घालायचा, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या घरी विरजण चालतं तसंच. कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात, आजच्यातला उद्याच्या; घरचं बिघडलं तर शेजारून आणायचं. त्यात काय दडलेलं आहे हे आज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण कुठल्या घरचं विरजण चांगलं लागतं हे त्या नेमकं सांगायच्या.

मग 1553 मध्ये दुसरा कायदा आला, आणि माझ्या मते लागरच्या जन्माचं श्रेय 1516 पेक्षा याचं. 23 एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या दिवसापासून 29 सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या दिवसापर्यंत बिअर बनवायला बंदी. उन्हाळ्यातली बिअर नासायची, म्हणून ही मनाई. परिणाम असा झाला, की बव्हेरियातली सगळी बिअर थंडीतच आंबू लागली. पिढ्यान् पिढ्या तेच विरजण गारठ्यातच वापरलं गेलं, आणि गारठ्यात तग धरणारं यीस्टच त्यात टिकलं. ही निवड कुणी ठरवून केली नाही. कायद्यानं ऋतू ठरवला आणि ऋतूनं यीस्ट ठरवलं. वसंताच्या तोंडावर केलेली बिअर पुढच्या उन्हाळ्यात पुरवायची म्हणून जमिनीखाली तळघरं खणली, वर सावलीला चेस्टनटची झाडं लावली. म्युनिकच्या बिअरगार्डनमध्ये आज आपण ज्या सावलीत बसतो, ती मुळात माणसांसाठी नव्हती, खालच्या पिंपांसाठी होती.

याला एक अपवाद होता, गव्हाच्या बिअरचा. ती वर आंबणारी, उन्हाळ्यातही चालणारी. तिचा परवाना डेगेनबर्ग घराण्याकडे होता. 1602 मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला. त्यानं ती बिअर म्युनिकच्या आपल्या दरबारी ब्रूअरीत आणली, म्हणजे गव्हाच्या बिअरचं यीस्टही आलं. हा तपशील वरवर राजघराण्यांच्या वारसाहक्काचा वाटतो. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

एकोणिसाव्या शतकात हे बव्हेरियन विरजण बाहेर पडलं. म्युनिकच्या श्पाटन ब्रूअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर हे दोघं तरुण 1833 मध्ये ब्रिटनच्या ब्रूअऱ्या पाहत हिंडले. पाहण्याबरोबर चोरलंही. आतून पोकळ, झडप बसवलेली चालायची काठी आंबत्या हौदात बुडवायची आणि नमुना घेऊन सटकायचं. त्यांनी तिथून उचललेलं ज्ञान होतं मोजमापाचं आणि माल्ट फिका भाजण्याचं. यीस्ट मात्र त्यांनी आपलं घरचंच ठेवलं.

बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्झेन गावात तेव्हा एलच्या जातीचीच बिअर होत असे, आणि ती इतकी बिघडली, की 1838 मध्ये गावकऱ्यांनी पिंपंच्या पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. मग त्यांनी सगळ्यांच्या मालकीची नवी ब्रूअरी काढली आणि योझेफ ग्रोल हा बव्हेरियन कारागीर आणला. 5 ऑक्टोबर 1842 ला त्यानं पहिला घाणा लावला. पद्धत बव्हेरियाची, थंड, तळाशी बसणाऱ्या यीस्टची. माल्ट इंग्रजी तऱ्हेनं फिका भाजलेला. पाणी पिल्झेनचं, क्षार अगदी कमी असलेलं. हॉप्स जवळच्या झातेत्सचे. सोनेरी, पारदर्शक बिअर निघाली. आज आपण डोळे मिटून ‘बिअर’ म्हटलं की जो रंग दिसतो, तो त्या घाण्याचा आहे. लागर म्हणजे फिकी हा समजही तिथूनच सुरू झाला. त्याआधी बव्हेरियातली लागर तपकिरीच असायची.

आणि 1845 साली कोपनहेगनचा याकोब ख्रिश्चन याकोबसन म्युनिकला झेडलमायरकडे गेला. परत येताना त्यानं यीस्टची दोन भांडी बरोबर घेतली. घोडागाडीचा तो लांबचा प्रवास. गाडी थांबेल तिथं उतरायचं आणि भांड्यांवर गार पाणी ओतायचं. असं करत करत ते यीस्ट जिवंत घरी पोहोचलं. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. सासरी जाताना, परदेशी जाताना डब्यातून विरजण नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मीही नेलं आहे, रुमालावर वाळवून. दोन वर्षांनी, 1847 मध्ये, त्याची नवी ब्रूअरी सुरू झाली. मुलाच्या नावावरून तिचं नाव ठेवलं कार्ल्सबर्ग.

याकोबसननं 1875 मध्ये ब्रूअरीला जोडून एक प्रयोगशाळा काढली. तिथल्या एमिल ख्रिश्चन हान्सेननं दाखवून दिलं, की विरजणात एकच यीस्ट नसतं. कामाच्या यीस्टबरोबर रानटी यीस्टही असतात आणि बिअर बिघडते ती बऱ्याचदा त्यांच्यामुळे. त्यानं एक पेशी वेगळी काढली, तिच्यापासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं, आणि 1883 मध्ये कार्ल्सबर्गनं ते कारखान्यात वापरलं. याकोबसननं ते स्वतःपुरतं ठेवलं नाही, इतर ब्रूअऱ्यांनाही दिलं. त्याच सुमारास कार्ल फोन लिंडंची शीतकरण यंत्रं ब्रूअऱ्यांत बसायला लागली होती. आता थंडीसाठी बव्हेरियाची गरज उरली नाही, आणि शुद्ध यीस्ट टपालानं मागवता येऊ लागलं. जगभर लागरचं राज्य आलं ते या दोन गोष्टींनी. चव सरस म्हणून ती जिंकली असं मी म्हणणार नाही. ती भरवशाची होती, दर वेळी तशीच निघत होती, आणि कारखान्याला तेच हवं असतं.

एक कोडं तरीही शिल्लक होतं. पास्तोरियानस हे संकरित यीस्ट आहे हे जनुकांवरून कळलं होतं. एक पालक एलचं सेरेव्हिसी. दुसरं, ज्याच्याकडून थंडी सोसण्याचा गुण आला, ते मात्र कुठे सापडत नव्हतं. 2011 मध्ये दिएगो लिब्किंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात शोधलं. तिथल्या दक्षिणी बीच झाडांवर बुरशीमुळे गोल, नारिंगी, गोडसर गाठी येतात. त्या गाठींत हे यीस्ट राहत होतं. नाव ठेवलं सॅक्रोमायसीज युबायानस. आता प्रश्न उलटा झाला: दक्षिण अमेरिकेतलं यीस्ट बव्हेरियाच्या तळघरात आलं कसं? काही वर्षांत तेच तिबेटमध्ये सापडलं. मग 2022 मध्ये आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या विद्यापीठाच्या आवारातल्या मातीत. म्हणजे ते युरोपातही होतं, फक्त कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

आणि आता तो 1602 चा तपशील. 2023 मध्ये जर्मन संशोधकांनी जुने दस्तऐवज आणि जनुकं दोन्ही ताडून एक तर्क मांडला: हा संकर म्युनिकच्या त्या दरबारी ब्रूअरीत झाला असावा. थंडीत आंबणाऱ्या तपकिरी बिअरमध्ये युबायानस आधीच मुक्कामाला होतं आणि गव्हाच्या बिअरबरोबर आलेलं एलचं सेरेव्हिसी त्याला तिथं भेटलं. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण मला तो मनापासून भावतो. कारण तो खरा असेल तर लागर ही एलची प्रतिस्पर्धी राहत नाही. ती एलची लेक ठरते. जनुकांच्या पातळीवर तर ती आहेच, त्यात तर्काचा भाग नाही. लागरच्या प्रत्येक पेशीत एलचा वारसा आहे.

म्हणूनच ‘बिअरचे दोन प्रकार, एल आणि लागर’ हे वाक्य मला खटकतं. त्यानं दोन वेगळी झाडं डोळ्यांसमोर उभी राहतात. आणि मधल्या जागेत जे आहे त्याचं काय करायचं, ते कळत नाही.

मधली जागा म्हणजे माझं गाव. गेल्या वर्षी काका-काकू आले होते. त्यांना घेऊन जुन्या शहरातल्या ब्राउहाउसमध्ये गेलो. निळ्या ॲप्रनमधला वेटर गोल ट्रेमध्ये अरुंद, सरळसोट ग्लास घेऊन फिरत असतो. ग्लास फक्त 200 मिलीलिटरचा. रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीची एक रेघ मारतो. नको असेल तर तो पुठ्ठा ग्लासवर ठेवायचा. काकांनी ग्लास उजेडात धरला. फिकी, सोनेरी, नितळ.

“काय गं, ही माइल्ड की स्ट्राँग?”

“तुमच्या हिशेबानं माइल्डच, काका. पाचच्या आत आहे.”

“म्हणजे लागर. आपल्या बाटलीतल्यासारखीच दिसतेय.”

“दिसते तशी. पण यीस्ट एलचं आहे. आंबते एलसारखी उबेत, आणि मग लागरसारखी गारठ्यात ठेवतात.”

“मग तिला म्हणायचं काय?”

“इथं तिला क्योल्श म्हणतात, बस.”

काकांचा पहिला प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही परमिट रूममध्ये तोच विचारतात, आणि तीही एक वर्गवारीच आहे: पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यावर आठपर्यंत स्ट्राँग. ती कर गोळा करणाऱ्या खात्याच्या सोयीची, आणि दोन्ही बाटल्यांत बहुतेक वेळा असते लागरच. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तर कायद्यानं ठराविक ताकदीच्या वरच्या बिअरवर ‘एल’ असं छापावं लागे, मग ती शुद्ध लागर का असेना. डिसेंबर 2011 मध्ये तिथल्या न्यायालयानं हा नियम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द केला. प्रत्येक वर्गवारी कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असते. माइल्ड-स्ट्राँग हा सरकारचा आणि पिणाऱ्याचा प्रश्न. एल-लागर हा बनवणाऱ्याचा प्रश्न: टाकी किती गार ठेवू, किती दिवस अडकवू, यीस्ट कुठून आणू?

क्योल्शच्या मागेही कायदाच आहे. बव्हेरियानं थंड बिअरचा रस्ता धरला, तर कोलोनच्या नगरपरिषदेनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तळाशी आंबणाऱ्या बिअरला शहरात मनाई केली. जुनं यीस्ट टिकलं. पुढे पिल्झेनच्या सोनेरी बिअरची लाट आली, तेव्हा इथल्या लोकांनी यीस्ट सोडलं नाही, पण रंग, नितळपणा आणि थंड मुरवण उचलली. 1986 मध्ये इथल्या ब्रूअऱ्यांनी करार करून क्योल्श कशाला म्हणायचं ते लिहून ठेवलं. पुढे युरोपीय संघानंही त्या नावाला संरक्षण दिलं. पहिल्या घोटाला किंचित सफरचंदाचा भास होतो, तेवढाच काय तो एलचा पुरावा. तो ओळखू यायला लागला तेव्हा मला खूप आनंद झाला होता.

उलट्या बाजूचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. सोन्याच्या शोधात गेलेल्या लोकांकडे लागरचं यीस्ट होतं, बर्फ नव्हता. त्यांनी ते उबेतच वापरलं. त्यातून स्टीम बिअर निघाली, आणि अँकर ब्रूअरीनं ती 2023 मध्ये बंद पडेपर्यंत जपली. बाल्टिक समुद्राकाठी इंग्रजी पोर्टर, मुळात एलच्या यीस्टची काळी बिअर, पोहोचली, आणि तिथल्या ब्रूअऱ्यांनी ती आपल्या लागरच्या यीस्टनं करायला घेतली. ही काळी, चढणारी बिअर पुष्कळदा लागरच असते. ब्रसेल्सच्या आसपासची लॅम्बिक तर दोन्हींत बसत नाही. तिथं रात्री रस उघडा ठेवतात, हवेतलं आणि लाकडातलं जे येईल ते येऊ देतात, आणि आंबायला वर्षं लागतात. अलीकडे बाजारातल्या यीस्टची जनुकं तपासली, तेव्हा लागरचं म्हणून विकलं जाणारं काही यीस्ट एलच्या जातीचं निघालं आणि एलचं म्हणून विकलं जाणारं काही लागरच्या. ब्रूअर वर्षानुवर्षं त्यांनी उत्तम बिअर करत होते.

मग ही वर्गवारी टाकून द्यावी का? मला तसं वाटत नाही. पुण्याचंच बघा. तिथं 2009 पासून मायक्रोब्रूअऱ्या आल्या, आणि त्यांच्या नळावर गव्हाची बिअर, पेल एल, स्टाउट यांचीच चलती राहिली. लोकांना लागर नको होती असं नाही. चार टाक्यांच्या जागेत एक टाकी लागरसाठी पाच-सहा आठवडे अडकवणं परवडत नाही. त्यात एप्रिलच्या उन्हात दहा अंश राखायचं वीजबिल वेगळं. एल तीनेक आठवड्यांत ग्लासात येते. म्हणून आपल्याकडे ताजी म्हणजे एल आणि बाटलीतली म्हणजे लागर अशी विभागणी होऊन बसली, आणि क्राफ्ट बिअर पिणारी तरुण मंडळी लागरकडे नाक मुरडायला लागली. हे मला खरंच दुखतं. लागर करणं अवघड आहे. एलमध्ये यीस्टचा सुगंध आणि हॉप्सचा मारा बारीकसारीक दोष झाकून नेतो. चांगल्या पिल्सनरमध्ये, म्हणजे पिल्झेनच्या धर्तीच्या सोनेरी लागरमध्ये, काहीच झाकलं जात नाही. लोण्याचा जरासा वास राहिला, तापमान एक दिवस चुकलं, की ते थेट जिभेवर येतं. एखाद्या छोट्या ब्रूअरीनं धीर धरून केलेली लागर पुण्यात कुठे मिळाली, तर ती आधी मागवा. मेन्यूकार्डावर रंग आणि टक्के छापतात तसं यीस्ट कुठलं आणि टाकीत किती आठवडे होती हेही छापलं, तर माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला त्यातून पुष्कळ कळेल.

पॅटागोनियाच्या यीस्टचंही पुढे काम सुरू झालं आहे. प्रयोगशाळांमध्ये युबायानस आणि एलची वेगवेगळी यीस्ट यांचे नवे संकर केले जात आहेत. आजवर लागरच्या यीस्टची दोनच मोठी घराणी होती, एक झात्स आणि एक फ्रोबर्ग, आणि जगातल्या बहुतेक लागर त्यांच्यावरच चालतात. म्हणून लागरच्या चवीत वैविध्य कमी. नव्या संकरांनी ते वाढेल. 2016 मध्ये हायनेकेननं तर नुसत्या युबायानसवर आंबवलेली बिअर बाजारात आणली, आणि ज्या अक्षांशावर ते यीस्ट सापडलं त्यावरून तिला एच41 हे नाव दिलं. संकर नाही, एलचा अंश नाही, फक्त रानातला तो दुसरा पालक. बाटलीवर मात्र ‘वाइल्ड लागर’ असं छापलं. आंबवण थंड, म्हणून लागर म्हणायला हरकत नसावी, पण पास्तोरियानस तिच्यात नावालाही नाही. मी तिला तिसऱ्या रकान्यात ठेवीन.